नारिंगी फितीचा खातेदार

चेकपॉइंट दोनवरून एक्केचाळीस जण गेले होते. चेकपॉइंट तीनवर चाळीस आले.

मी वहीतल्या खुणा तीनदा मोजल्या. मग वही किरणच्या हातात दिली आणि म्हटलं, "तू मोज." त्यानेही मोजल्या. चाळीसच. सकाळचे पावणेदहा वाजत आले होते. फेब्रुवारीचा शेवट, सातपुड्याचा माथा, आणि ऊन आता अंगाला बोचायला लागलं होतं.

"कोण राहिलंय?" मी विचारलं.

किरणने यादीवर बोट फिरवलं. "एकशे सतरा. कांतीशेठ."

बाकी चाळिसातलं कोणीही हरवलं असतं तरी काळजी वाटलीच असती. पण कांतीशेठ हरवणं म्हणजे माझी मान सुळावर होती.

आधी मी कोण ते सांगतो. मी बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली. भडगाव, चाळीसगाव, धुळे, शेवटी जळगाव. शेतीच्या हद्दी मोजायच्या, दगड रोवायचे, भाऊबंदांच्या शिव्या खायच्या आणि घरी यायचं. निवृत्तीनंतर गुडघे शाबूत होते म्हणून जळगावातल्या एका धावणाऱ्या मंडळात गेलो. धावण्यात मी काही चमकलो नाही. पण मला नकाशा वाचता येतो आणि अंतर मोजता येतं हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्यांच्या 'ट्रेल रन'चे रूट मी आखतो. ट्रेल रन म्हणजे डांबरावर न धावता जंगलातल्या पायवाटांवर धावायचं. सगळे मला नाना म्हणतात. पगार नाही, पण जबाबदारी पूर्वीसारखीच. वर आता साहेबावर ढकलायची सोयही नाही.

ही शर्यत चोपड्याच्या वरच्या अंगाला, एका अभयारण्याच्या कडेकडेने होती. एकवीस किलोमीटर. मी त्या वाटेच्या प्रेमात होतो, अजून आहे. सुरुवातीला सागाचं जंगल. वाळलेली पानं एवढी मोठी की एक माणूस धावला तरी दहा जण येतायत असं वाटतं. मग काळ्या खडकाचा कोरडा नाला. मग चढ, पांढऱ्या बुंध्याची सालईची झाडं, आणि वर गवताळ माथा, तिथून खाली धरणाचं पाणी दिसतं. माथ्यावरून उतरलं की एक खिंड येते. तिथे मोठमोठी मोहाची झाडं आहेत. पुढे अंजनाचं रान, आणि मग परत गावाकडे. एका सकाळीत चार-पाच प्रकारची जमीन पायाखालून जाते. धुळ्याहून, नाशिकहून लोक येतात ते त्यासाठीच.

रूट आखणं म्हणजे नुसता नकाशा काढणं नव्हे. शर्यतीच्या दोन दिवस आधी सगळी वाट चालून 'मार्किंग' करावं लागतं. दर शंभर-दीडशे मीटरवर झाडाला नारिंगी फीत बांधायची, फाटा आला की जमिनीवर चुन्याने बाण काढायचा. धावणाऱ्याने एका फितीकडून पुढच्या फितीकडे जायचं, एवढं सोपं. सगळ्यांच्या मागे एक माणूस ठेवतात, त्याला 'स्वीपर' म्हणतात. तो शेवटच्या धावपटूच्या मागे राहतो आणि येताना फिती सोडून गोळा करतो. आमचा स्वीपर किरण, सोनगीरचा, शाळेत खेळाचा मास्तर.

आता कांतीशेठ. दोंडाईच्याचे कापडाचे व्यापारी, वय बासष्ट. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथेच. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. शेठ आधी चालले, मग पळायला लागले, आणि मग थांबेनातच. त्यांच्या मेडिकल फॉर्मवर त्यांच्या डॉक्टरांची सही होती, पण आमच्या मंडळात दोन मतं होती. मी म्हटलं, येऊ द्या, माणूस शिस्तीचा आहे. सकाळी साडेपाचला त्यांची सून रुचिका त्यांना गाडीने सोडायला आली. शेठ जैन, सूर्य वर येऊन दोन घटका झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. ते उपाशीच सुरुवातीच्या रेषेवर उभे होते. रुचिका माझ्याकडे आली आणि म्हणाली, "नाना, पप्पाजींना तुमच्या भरवशावर सोडतेय. घरात कोणाचीच मर्जी नव्हती."

मी म्हटलं, "मी आहे ना."

हे 'मी आहे ना' मला आता टोचत होतं.

"तुझ्या पुढे होते ना ते?" मी किरणला विचारलं.

"हो नाना. पण माथ्यावरून उतरताना या ताईंच्या पोटरीत गोळा आला." त्याने बाजूला बसलेल्या एका बाईंकडे बोट दाखवलं. त्या नाशिकच्या, पायाला बर्फ लावून बसल्या होत्या. "मी त्यांच्यासोबत थांबलो. शेठ म्हणाले, तुम्ही या सावकाश, मी होतो पुढे. मला वाटलं, फितीच तर आहेत."

"मग?"

किरण थोडा घुटमळला. "खिंडीपासून पुढे फिती नव्हत्या. सात-आठ गायब. मला वाटलं, पाड्यावरच्या बायांनी नेल्या असतील केसांना. मला वाट पाठ आहे, मी आलो इकडे."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"आत्ताच तर पोचलो ना नाना."

तो म्हणत होता ते बरोबर होतं, तरी मी त्याच्यावर खेकसलो. राग माझा मलाच आला होता, फक्त समोर तो होता.

वॉकीटॉकीवर डॉक्टर मॅडम होत्या. त्या आमच्या रेस डायरेक्टर. जळगावला दातांचा दवाखाना चालवतात, आणि जबड्यातून दाढ उपटावी तसे प्रश्न विचारतात.

"नाना, एकशे सतरा कुठे आहे?"

"खिंड आणि तीनच्या मध्ये कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? तुम्ही रूट आखलाय की अंदाज बांधलाय?"

"मॅडम, खिंडीतल्या फिती गेल्यात. मी बघायला निघतोय."

मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "रेंजर साहेब इथेच आहेत. त्यांच्याशी बोला."

रेंजर साहेब भले माणूस, पण कागदाचे पक्के. "नाना, साडेदहापर्यंत सापडले नाहीत तर मी माझी माणसं पाठवतो. आणि मग पुढच्या वर्षी परवानगीचं मला काही विचारू नका. समजलं?"

"समजलं साहेब."

"आणि त्यांच्या घरचं कोणी आहे इथे?"

"सून आहे. तिला एवढ्यात काही सांगू नका."

"ती माझ्या शेजारीच उभी आहे," साहेब म्हणाले.

माझ्यासोबत फॉरेस्ट गार्ड तडवी निघाला. चाळिशीचा, काटक, इथल्या नाकेदारीत पंधरा वर्षं काढलेला माणूस. चेकपॉइंट तीनपासून खिंड दोन किलोमीटर. मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही अंजनाच्या रानातून उलट चढायला लागलो. दर पन्नास पावलांवर तडवी तोंडाभोवती हात धरून "शेऽऽठ!" अशी हाक मारायचा. उत्तर यायचं नाही. एक मोर ओरडला तेवढंच.

माणूस हरवला की लोक सैरावैरा धावतात, हाका मारतात, आणि मग शोधणाऱ्यांपैकीच एक हरवतो. मोजणीत आम्ही दगड हरवला की एक करायचो. शेवटचा पक्का दगड गाठायचा आणि तिथून मोजायला लागायचं. मी तेच ठरवलं. शेवटची पक्की फीत गाठायची आणि शेठच्या जागी उभं राहायचं. त्यांना जे दिसलं असेल तेच बघायचं.

हे सगळं डोक्यात होतं. छातीत मात्र वेगळंच चाललं होतं. खिंडीच्या डाव्या अंगाला नाला आहे, त्याला पुढे कडा आहे. शेठकडे चावीचं घड्याळ, जीपीएसवालं नव्हे. पोटात काय, तर सकाळी चेकपॉइंट दोनवर घेतलेलं उकळलेलं पाणी आणि असलाच तर एखादा खाकरा. बासष्ट वर्षं, एक स्टेंट. मला रुचिकाचा चेहरा दिसत होता आणि मी तो बाजूला सारत होतो.

दहा वाजून दहा मिनिटांनी खिंडीत पोचलो.

माथ्याच्या बाजूची शेवटची फीत जागेवर होती. ती माझीच, सुटी गाठ, मागे लांब शेपूट. स्वीपरला एका ओढीत सुटावी म्हणून मी तशीच बांधतो. किरणने ती सोडलीच नव्हती, गोळा आलेल्या बाईंना सांभाळण्याच्या गडबडीत राहिली होती. तिथून पुढे तीस पावलांवर फाटा. फाट्यावर मी चुन्याचा बाण काढला होता. तिथून सकाळी गुरं गेलेली. बाणाच्या जागी खुरांची माती आणि शेण.

फाट्यावरच्या मोठ्या मोहावर माझी फीत नव्हती. उजवीकडच्या पुढच्या झाडावर नव्हती. त्याच्या पुढच्यावरही नव्हती. मी बुंध्याजवळ गेलो. माझी फीत होती त्याच उंचीवर लुगड्याची एक जुनी चिंधी बांधलेली होती, विटलेली, घट्ट.

"ही आधीपासून होती?" मी तडवीला विचारलं.

"व्हती ना नाना. तुम्ही दखी नही का?"

मी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर पाहिली असेल, पण माझ्या लेखी ती चिंधी होती.

मग मी शेठ उभे राहिले असतील तिथे उभा राहिलो आणि मान डावीकडे वळवली. खाली, नाल्याकडे उतरणाऱ्या गुरांच्या वाटेवर, एका मोहाच्या झाडाला माझी नारिंगी फीत लखलखत होती.

मी त्या झाडाला फीत बांधली नव्हती. त्या वाटेने मी आयुष्यात गेलो नव्हतो.

धावत खाली गेलो. फीत आमचीच, पण गाठ माझी नव्हती. दोनदा आवळलेली, शेपूट आत खोचलेलं, हौसेने बांधल्यासारखं. पुढे साठ-सत्तर पावलांवर दुसरी. तिच्यापुढे तिसरी.

"कोणी केला हा हलकटपणा?" मी ओरडलो. "माणूस मेला असता तर?"

तडवी गाठ निरखून बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "नाना, हाई खोडी नही. हाई वाटणी शे."

"कसली वाटणी?"

उतरता उतरता त्याने सांगितलं. आता पंधरा-वीस दिवसांत मोहाची फुलं पडायला लागतील. पाड्यावरची पावरा आदिवासींची घरं ती वेचतात, वाळवतात, वर्षभर पुरवतात. कोणतं झाड कोणाच्या घराचं हे ठरलेलं असतं. घरं वाढली, कोणी नवीन झाड धरलं, की हंगामाआधी त्या झाडाला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की झाड त्या घराचं. मोह सरेपर्यंत दुसरं कोणी त्या झाडाखाली टोपली घेऊन जात नाही. चोरी तर सोडाच, खाली पडलेलं फूलसुद्धा कोणी उचलत नाही.

"आनि तुम्ही काय करं नाना?" तडवी म्हणाला. "खिंडमधला बठ्ठा मोहले चिंधी बांधी दिधी. नारिंगी. नवी कोरी."

मी चालता चालता थांबलो. मी मोहाचीच झाडं का निवडली होती, ते मला आठवत होतं. बुंधा रुंद, वाटेला लागून, लांबून फीत दिसते. फक्त त्या बुंध्यांना मालक असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जंगल म्हणजे सरकारी. सातबाऱ्यावर एकच नाव. ज्याचं नाव, त्याची परवानगी माझ्या खिशात होती.

"मग फिती इकडे का आणल्या? फेकून द्यायच्या."

"दुसरानी चिंधी फेकत नहीत. पाप लागस. तुमले हाई झाडं दिधात त्यास्नी. हाई कोनानी नहीत."

म्हणजे माझ्या फिती कोणी चोरल्या नव्हत्या. पाड्यावर बसून त्यांचा निवाडा झाला होता. माझा दावा लोकांच्या झाडांवरून काढला होता आणि मोबदल्यात मला बेवारशी झाडं दिली होती, तीही मोजून तेवढीच. मी हसावं की रडावं, मला कळेना. आणि कांतीशेठ त्या मोबदल्याच्या मागोमाग नाल्यात उतरले होते.

चार, पाच, सहा. सहाव्या फितीजवळ धुळीत बुटाचा ठसा दिसला. चांदण्यांच्या नक्षीचा, नवा बूट. शेठनी शर्यतीसाठी बूट घेतले होते, मला कौतुकाने दाखवले होते. मी "शेऽऽठ!" म्हणून जीव खाऊन ओरडलो. उत्तर नाही. सात. आठ. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही.

नववी फीत नाल्याच्या वळणावर होती. त्यापुढे फीत नव्हती. त्या झाडाला टेकून कांतीशेठ बसले होते. बूट बाजूला काढून ठेवलेले. डोळे मिटलेले. हात मांडीवर.

"शेठ!"

पापणी हलली नाही.

बत्तीस वर्षांत मी विहिरीत पडलेली माणसं पाहिली, हद्दीवर डोकी फुटलेली पाहिली. पण 'मी आहे ना' म्हणून सांगितलेला माणूस असा बसलेला कधी पाहिला नव्हता. मी पुढे पाऊल टाकलं तेव्हा कोणीतरी "शूऽऽ" केलं.

झाडाच्या पलीकडे सावलीत एक म्हातारी बसली होती. शेजारी टोपली. तिने ओठावर बोट ठेवलं आणि मला दटावलं, "बोलू नको. देवनं करी राह्यना तो."

मी शेठच्या छातीकडे पाहिलं. ती वर-खाली होत होती, संथ, एका लयीत. मांडीवरच्या उजव्या हातात ते चावीचं घड्याळ होतं.

सामायिक. जैन माणूस दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, एका जागी बसून मौन धरतो. या काळात तो संसारातलं काही बोलत नाही. माझी हाक आणि चेकपॉइंट तीनची चौकशी, दोन्ही संसारातच येत असणार.

मी मटकन खाली बसलो. वॉकीचं बटण दाबून तोंडाशी अगदी जवळ धरला आणि कुजबुजलो, "सापडले. ठीक आहेत."

"काय? मोठ्याने बोला!" डॉक्टर मॅडम ओरडल्या.

"मोठ्याने बोलता येत नाही. सामायिक चाललंय."

"काय चाललंय?"

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी वॉकी बंदच केला. त्याआधी पलीकडून रुचिकाचा हुंदका ऐकू आला होता, आणि नंतर हसू. तेवढ्यावर माझं भागलं.

मग आम्ही थांबलो. तडवी, मी, म्हातारी. चार मिनिटं असतील. नाल्यातून वाऱ्याची झुळूक येत होती, वर मोहाची शेवटची पानं गळत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हतो. आयुष्यात मी एवढा निवांत कधीच बसलो नव्हतो. सांगायला लाज वाटत नाही, मी तेव्हा त्या सगळ्या बेवारशी झाडांना मनातल्या मनात नमस्कार केला.

शेठनी डोळे उघडले, हात जोडले, काहीतरी पुटपुटले. घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाना, केवढं ओरडलात. दोनदा चित्त विचलित झालं."

"शेठ, तुम्ही इथे काय करताय?"

"तुम्हीच सकाळी सांगितलं ना? वाट चुकली वाटली तर पुढे जाऊ नका, शेवटच्या फितीजवळ बसा. ही शेवटची फीत. बसलो. ह्या बाईंनी भाकरी दिली, खाल्ली. मिरची होती, लसूण नव्हता, विचारून घेतलं. मग म्हटलं, नाना येईपर्यंत वेळ का घालवायचा?"

सकाळच्या सूचना मी दर शर्यतीला देतो. लोक तेव्हा बुटाच्या नाड्या बांधतात, सेल्फी काढतात. ऐकून अक्षरशः तसंच करणारा मला पहिल्यांदा भेटला. माणूस शिस्तीचा आहे, हे मीच तर मंडळाला सांगितलं होतं.

म्हातारीचं नाव झुगलीबाई. पावरी आणि अहिराणी मिसळून बोलायची, पण मी भडगावकडचा, मला अहिराणी घरची. तिने नारिंगी फितीकडे बोट केलं.

"हाई चिंधी तुन्ही शे का?"

"मन्ही शे, बाई."

"एकला माणूसले इतला झाडं कसाले लागतस?" तिने खरंच विचारलं. रागही नव्हता, थट्टाही नव्हती. पाड्यावर आदल्या दिवशी हाच विचार झाला असणार. एका दिवसात खिंडच्या खिंड धरणारा हा कोण हावरा?

मी तिला सांगितलं की मोह वेचायला नाही, माणसांना धावायची वाट कळावी म्हणून बांधल्या. तिने तडवीकडे पाहिलं. तडवीने मान डोलावली.

"सकायमा पळी राह्यनात ते तुन्हा माणसं? आमले वाटनं, आग लागनी कोठे." मग म्हणाली, "आनि धावाले चिंधी कसाले लागस? वाट शे ना पायखाले."

चुकी मन्ही शे, मी इचारं नही, एवढं म्हटलं. तिने मान हलवली. मग काळजीच्या सुरात विचारलं, "हाई नऊ झाडं चालतीन ना तुले? वरला झाडं तीन घरना शेतस. ते नही देता येत."

मी म्हटलं, मला झाडं नकोत, फिती सोडतो. हात पुढे केला, तर तिने मला बाजूला बोलावून सांगितलं, सोडायची तर एकेक करून, तिच्यादेखत, आणि माझ्याच हाताने. ज्याची चिंधी त्यानेच सोडायची. त्यांनी माझ्या फिती वरून काढल्या, याचंच तिला थोडं लागून राहिलं होतं. तडवीने मदतीला हात लावला, तर त्यालाही तिने परत पाठवलं.

मग आम्ही चौघं त्या वाटेने वर चढलो. प्रत्येक झाडाशी मी थांबायचो, गाठ सोडायचो, फीत खिशात घालायचो. गाठी एवढ्या घट्ट होत्या की नखं दुखली. मोजणी खात्यात आम्ही पंचनामा करायचो तो थेट असाच, पंचांच्या समोर, एकेका दगडाशी उभं राहून. शेठ प्रत्येक झाडाशी मोजत होते. "एक झालं. दोन झाली." व्यापाऱ्याची जीभ.

खाली शर्यत संपते त्या मैदानावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. शर्यतीची वेळ अकराला संपली होती, त्यामुळे शेठना पदक नाही. त्यांनी ते दोनदा विचारून पाहिलं. रुचिका त्यांच्या पाया पडली आणि मग माझ्यावर चिडली, आणि चिडता चिडता रडली. मी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर मॅडमनी आधी शेठची नाडी पाहिली आणि नंतर मला म्हणाल्या, "नाना, तुमची नाडी बघू?" रेंजर साहेबांना मी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाले, "परवानगी आम्ही जंगलाची देतो. झाडांची कोण देतं, ते आता तुम्हाला माहीत झालंय. पुढच्या अर्जाला ते जोडा."

मी जोडलं. पुढच्या वर्षी डिसेंबरातच मी तडवीला घेऊन पाड्यावर गेलो. झुगलीबाई आणि आणखी काही बायामाणसांसोबत सगळी खिंड चाललो. आता मोहाच्या पट्ट्यात आम्ही फीत झाडाला बांधत नाही, बांबूच्या काठ्या रोवतो, त्याही पाड्यावरचेच लोक रोवतात. चेकपॉइंट तीन हलवून पाड्यावर नेला. तिथे भाकरी आणि ताक मिळतं. किरणला सांगून ठेवलंय, फीत दिसली नाही की त्याच जागेवरून वॉकी करायचा. आणि सगळ्यांना शिट्टी देतो. हाक ऐकू आली की शिट्टी वाजवायची, असा नियम केला. कांतीशेठनी लगेच हात वर केला, "सामायिकात असलो तर?" मी म्हटलं, "तर सामायिकाआधी एकदा वाजवून ठेवा." त्या वर्षी ते पावणेअकराला आले. पदक गळ्यातून दोन दिवस काढलं नाही असं रुचिका सांगत होती.

मोजणी खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, लगतच्या खातेदारांना नोटीस दिल्याशिवाय एकही दगड रोवायचा नाही. बत्तीस वर्षं मी ती चूक केली नाही. निवृत्त झालो, कोणी विचारणारं उरलं नाही, आणि जंगलात येऊन केली. यातून शिकण्यासारखं काय, तर एवढंच. जागा कितीही मोकळी दिसली तरी लगतचा खातेदार शोधायचा. तो असतोच.

एक सांगायचं राहिलं. फिती सोडल्या त्याच वर्षी, मे महिन्यात, तडवी काही कामाने जळगावला आला तेव्हा घरी येऊन एक पिशवी ठेवून गेला. वाळलेला मोह, दोन-तीन किलो असेल. बायकोने विचारलं, हे काय? तडवी म्हणाला, झुगलीबाईने पाठवलाय. नाल्यातल्या नऊ झाडांचा.

मी म्हटलं, "अरे, मी तर फिती सोडल्या होत्या. तिच्यादेखत."

"मीबी तेच म्हनं तिले," तडवी म्हणाला. "ती म्हने, चिंधी त्यानी सोडी. आम्ही झाडं दिधात, ती कोठे परत लिधात?"